इल्ल अल्ल, काणवल्दु

जुलैचा दुसरा आठवडा. बेळगावचा पाऊस म्हणजे तुम्हाला सांगायला नको, सकाळी सुरू झालेला रात्री संपला की नाही हे दुसऱ्या दिवशी कळतं. अशा पावसात भाची निपाणीहून आली. स्वतः भिजून चिंब, आणि रेनकोट गुंडाळलेला नव्या लॅपटॉपच्या बॅगेला. अनगोळच्या आमच्या घराचा उंबरा ओलांडायच्या आधीच म्हणाली, "मामा, ह्यात लिनक्स घालून देतोस काय? कॉलेजात लागतंय."

"आणि विंडोज?"

"ते पण असूंदे. खरं लिनक्स पाहिजे."

बेळगावबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्यात शिकायला होतो तेव्हा या एका शब्दावरून मला चार वर्षं ओळखायचे.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. संगणकाशी माझा धंद्याचा संबंध नाही, हौसेचा आहे. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण फुकट प्रणाली, आणि उबुंटू हा तिचा एक अवतार. २००७ साली उबुंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टानं घरी पाठवायचे. पोस्टमननं तो परदेशी शिक्क्याचा पुठ्ठ्याचा लखोटा आईच्या हातात दिला आणि विचारलं, "तुमचं कोण असतंय तिकडं?" आईनं आत येऊन मलाही तेच विचारलं. सीडी पाठवायची ती योजना २०११ मध्ये बंद झाली. लखोटा अजून माझ्याकडे आहे, सीडी कुठं गेली देव जाणे. तेव्हापासून घरात, नात्यात कुणाचा संगणक रुसला की तो माझ्याकडे येतो. रुसलेले जुने संगणक मला आवडतात. भीती वाटते ती नव्याची.

हे ऐकायला उलटं वाटेल. पण लिनक्सचं असं आहे की पाच वर्षांच्या जुन्या यंत्रावर ते डोळे झाकून बसतं. त्यातला एकेक भाग एव्हाना कुणीतरी तपासलेला, कुणीतरी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवायचा प्रोग्रॅम, लिहून कर्नलात, लिनक्सच्या गाभ्यात, घातलेला असतो. दुकानातून कालच आलेल्या लॅपटॉपचं तसं नसतं. त्यातल्या चिपा कर्नलच्या जन्मानंतरच्या असू शकतात. आणि त्या रात्री तर माझ्याकडे होता कपाटातला पेन ड्राइव्ह, त्यावर उबुंटू २२.०४ ची अगदी पहिली आवृत्ती. तिच्यातला कर्नल ५.१५, म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरअखेरचा. लॅपटॉप २०२४ चा. घरचं इंटरनेट पावसामुळे सकाळपासून बंद, त्यामुळे नवी आवृत्ती उतरवून घ्यायचा प्रश्नच नव्हता. आहे त्यावर भागवू म्हटलं. चूक माझीच.

सुरुवात मात्र नीट केली. विंडोजनं डिस्कला कुलूप घातलेलं असतं, हल्ली नव्या लॅपटॉपांत ते न सांगता घातलेलं असतं, आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उठणाऱ्या सेटिंगमध्ये, काही हलवलं की विंडोज दारातच अडवून किल्ली मागतं. किल्ली म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. आधी ते उतरवून घेतले. मी वाचत होतो, भाची कॅलेंडरच्या उलटलेल्या जून महिन्याच्या पाठीवर लिहीत होती. लिहून झाल्यावर मी तिला ते परत वाचायला लावले. पाचव्या गटात ६ चा ० झाला होता. "एवढं काय मामा," असं तोंड केलं तिनं. पण आमच्या खात्यात मोजमाप घेणारा आणि तपासणारा एकच नसतो.

पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप उठला. पडदा छान, रंग छान, आणि टचपॅड मेलेला. बोट फिरवून फिरवून तिनं माझ्याकडे बघितलं. मी ड्रॉवरमधून माझा जुना वायरलेस माऊस काढला, त्याचा नखाएवढा डोंगल लॅपटॉपला लावला आणि पुढं गेलो. हा डोंगल लक्षात ठेवा, मी विसरलो होतो.

मग इन्स्टॉलरनं पहिल्याच वळणावर अडवलं. यात इंटेलचं आरएसटी (डिस्क सांभाळायची त्यांची सोय) चालू आहे, ते बंद करा, मग या. डिस्कचं नावही दाखवेना. ५१२ जीबीची नवी कोरी डिस्क, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिच्यावरून विंडोज चाललं होतं, आणि इथं यादीत फक्त माझा पेन ड्राइव्ह.

भाचीचा चेहरा पडला. "डिस्कच नाही म्हणतंय की."

इथं मला माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवतं, नेहमीच आठवतं. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग तपासत होतो. वरून स्वच्छ. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये तिथल्या म्हाताऱ्या मोल्डरला ऐटीत सांगितलं, "ब्लोहोल इल्ल." ब्लोहोल म्हणजे आतली पोकळी, इल्ल म्हणजे नाही. त्यानं कास्टिंग आडवं केलं, हातोडीनं तीन ठिकाणी ठोकलं, कान लावला, आणि म्हणाला, "इल्ल अल्ल. काणवल्दु."

कन्नडमध्ये नकार दोन आहेत. इल्ल म्हणजे वस्तू मुळात नाही. अल्ल म्हणजे तसं नव्हे. काणवल्दु हे आमच्या उत्तर कर्नाटकातलं, म्हणजे दिसेना झालंय. तर म्हातारा म्हणाला होता: 'नाही' असं नव्हे, दिसत नाही. ते कास्टिंग मशीनवर चढलं, दोन मिलिमीटर कातडं निघालं आणि खाली हरभऱ्याएवढी पोकळी. वाळूत ओल जास्त झाली की वाफ धातूच्या पोटात अडकते आणि वरचा पापुद्रा तिला झाकून ठेवतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं गुळगुळीत. मराठीत आपण दोन्हीला 'नाही'च म्हणतो, 'नव्हे' हल्ली बोलण्यात कमीच येतं. त्यामुळे असेल, आपली गफलत लवकर होते.

तर डिस्क इल्ल की काणवल्दु? टर्मिनल उघडलं आणि एलएसपीसीआय हा हुकूम दिला. हा हुकूम म्हणजे यंत्राच्या आतल्या वस्तीची हजेरी. त्यात डिस्क सरळ दिसेना, तिच्या जागी एक व्हीएमडी नावाचा कंट्रोलर बसलेला. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांत हा मधला माणूस असतो. डिस्का त्याच्या पाठीमागे उभ्या राहतात, आणि त्याच्याशी कसं बोलायचं हे ठाऊक नसलेल्याला त्या दिसतच नाहीत. म्हणजे डिस्क होती. दारात पहारेकरी होता.

तो हटवायचा तर बायॉसमध्ये जायचं. गेलो. चारही पानं बघितली, व्हीएमडीचा 'व्ही' नाही. बऱ्याच वेळानं आठवलं की काही लॅपटॉपांत ही ओळ कंपनीनं झाकून ठेवलेली असते, आणि बायॉसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की ती उघडते. दाबलं. करड्या पानावर एक नवी ओळ उगवली. भाची टाळी वाजवायच्या बेतात होती. मला राग आला होता. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत मालकापासून लपवलेली ओळ कशासाठी? कंपनीचं नाव लिहीत नाही, तिच्या एकटीची ती खोड नव्हे.

ओळ बंद करण्याआधी विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये उठायची चिठ्ठी ठेवावी लागते, म्हणजे पहारेकरी गेल्यावर ते गडबडत नाही, आपला दुसरा ड्रायव्हर काढून कामाला लागतं. ते केलं. अपेक्षेप्रमाणे त्यानं किल्ली मागितली, आणि जून महिन्याची पाठ कामी आली. पुढचं मग सरळ: विंडोजकडून शंभर जीबी मागून घेतले, त्यात उबुंटू बसवलं. वीस मिनिटं. कॉलेजातल्या कुणीतरी तिला सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली उठू न देणारा पहारा, आधी बंद करायला सांगितलं होतं, ते मी केलं नाही. उबुंटू ते चालू असतानाही बसतं. लोक उगीच दिसेल ते बंद करत सुटतात. आमच्या इथं कास्टिंग फसलं की नवा सुपरवायझर असाच वाळू, तापमान, ओतण्याचा वेग सगळं एकदम बदलतो. मग पुढचं कास्टिंग बरं निघालं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि वाईट निघालं तरी नाही.

रात्रीचे साडेदहा. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली होती, तिसऱ्यांदा तिनं ताटंच आणून टेबलावर ठेवली. लॅपटॉपच्या शेजारी आमटी, मला नको वाटतं, पण बोलायची सोय नव्हती.

उबुंटू उठलं आणि वायफाय नाही. म्हणजे बंद नव्हे, वायफायचं चिन्हच नाही. परत हजेरी घेतली, या वेळी आकड्यांसकट. प्रत्येक चिपेला दोन आकडे असतात, सोळा चिन्हांच्या मोजणीतले, चार-चार अक्षरी. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. मी भाचीला सांगितलं, पहिलं आडनाव समज आणि दुसरं नाव. इंटेलचं आडनाव ८०८६. १९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचा हाच आकडा, तोच त्यांनी कुलाचं नाव म्हणून घेतला. आपल्याकडे गावावरून आडनाव लावतात, खानापूरकर, निपाणीकर, तसंच हे, यांचं गाव म्हणजे १९७८. भाचीला हे एवढं आवडलं की पुढची पाच मिनिटं ती यादीतली ८०८६ मोजत बसली.

वायफाय कार्डाचं आडनाव दुसरंच होतं, आणि नावही स्वच्छ छापून आलं. कार्ड हजर. पण बाकी प्रत्येक चिपेखाली 'हा ड्रायव्हर वापरात आहे' अशी एक ओळ होती, याच्याखाली ती नव्हती. जेवणाच्या पंगतीत बसलेला पण वाढप्याच्या नजरेतून सुटलेला पाहुणा. इल्ल अल्ल. मी हे मोठ्यानं बोललो असणार, कारण भाची म्हणाली, "काणवल्दु." तिला कन्नड माझ्यापेक्षा बरं येतं.

फोनवर शोधलं. त्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला तो ६.२ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३. आमचा ५.१५. औषध सोपं होतं, नवा कर्नल घाला. उबुंटू २२.०४ साठीच नव्या हार्डवेअरकरता म्हणून वेगळा कर्नल ठेवलेला असतो, तो एव्हाना ६.५ वर गेला होता. पण तो उतरवायला इंटरनेट हवं, घरचं तर बंद, आणि फोनचं हॉटस्पॉटनं घ्यायचं तरी वायफाय हवं. विहिरीत उतरायचा दोर विहिरीत.

यावर जो उपाय आहे तो मी आजवर दहा-बारा घरांत केला असेन. फोन चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्सला तो फोन म्हणजे साधं वायरचं नेटवर्क वाटतं, ते त्याला जन्मापासून ठाऊक आहे. वायर मात्र डेटाची लागते. घरातल्या तीन वायरींपैकी दोन फक्त चार्जिंगच्या निघाल्या.

उतरायला सुरुवात झाली आणि लाईट गेली. सगळी गल्ली काळी. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. लॅपटॉपला बॅटरी होती, फोनला होती, टॉवर चालू होता, त्यामुळे त्या अंधारात फक्त एक आकडा टक्क्या-टक्क्यानं पुढं सरकत होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो होतो. शेजारचे अण्णा बॅटरी घेऊन डोकावले. ते बैलहोंगलकडचे, आमच्याशी अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात. "येन नडदद?" काय चाललंय? सांगितलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, बघूनही काही न कळल्याचा त्यांना आनंदच झाला, आणि म्हणाले, "मुगिली, मुगिली. चहा करा की." संपू दे, संपू दे.

लाईट साडेअकराला आली. रीबूट केलं. कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह उमटलं आणि शेजारपाजारच्या राउटरांची नावं एकाखाली एक लागली. आवाजाचा प्रश्न मला अजून बघायचाही नव्हता, सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' एवढंच येत होतं. नव्या कर्नलबरोबर तोही परस्पर सुटला. टचपॅडही. एका औषधानं तीन दुखणी. मी मात्र भाचीला हे तीन वेगळे प्रश्न म्हणून तीन वेगळ्या ओळींत लिहायला लावलं होतं. बरं झालं तर बरं, पण काय काय बरं झालं ते कळायला हवं.

झोपण्याआधी ती म्हणाली, "कीबोर्ड?" तिला मराठी हवं आणि कन्नडही. अक्काच्या शेताचा उतारा, तालुक्याचे अर्ज, सगळं कन्नडमध्ये, आणि घरात ते वाचून-लिहून देणारी हीच. मी कीबोर्डांची यादी उघडली. इनस्क्रिप्ट मला येतं. त्याची गंमत अशी की सगळ्या भारतीय लिप्यांना कळा त्याच: देवनागरीचा क जिथं, कन्नडचा क तिथंच. पण ते शिकावं लागतं, आणि हिला आजच हवं होतं. यादीत खाली जाता जाता एक नाव दिसलं, 'मराठी (कगप, फोनेटिक)'. वर बघितलं तर 'कन्नड (कगप, फोनेटिक)'. हिंदीही, संस्कृतही.

कगप म्हणजे काय? कन्नड गणक परिषत्तु. 'नुडी' हे कन्नड लिहायचं सॉफ्टवेअर काढणारी हीच परिषद. तिच्या कीबोर्डाची धाटणी घेऊन मराठीचा कीबोर्ड कुणीतरी लिनक्समध्ये घालून ठेवला आहे, आणि नावातही ती तशीच राहू दिली आहे. मी सतरा वर्षं ही यादी उघडतोय. त्यातली बरीच वर्षं ते नाव तिथं असणार, माझ्या नजरेला पडलं नव्हतं. बेळगावात कुठली पाटी कुठल्या लिपीत यावरून काय काय झालंय ते मी बघत मोठा झालो, त्यावर इथं लिहीत नाही. त्या रात्री एवढंच झालं की भाचीनं दोन्ही कीबोर्ड घातले, विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेस एकत्र दाबून एकातून दुसऱ्यात गेली, आणि पहिला शब्द लिहिला 'बेळगाव'. शिफ्ट आणि एल, ळ आला. मग कन्नडमध्ये गेली. शिफ्ट आणि एल, तिकडचाही ळ आला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं ती निघाली. संकेश्वर सोडल्यावर तिचा फोन.

"मामा, बॅग तव्यागत तापलीय."

लॅपटॉप बंद केला होतास काय? नाही, झाकण लावलं. झाकण लावलं की तो झोपतो, हे बरोबर. पण नव्या लॅपटॉपांतली झोप पूर्वीसारखी गाढ नसते. जुन्या यंत्रांत मेमरी सोडून सगळ्याची वीज तुटायची. नव्यात बऱ्याच ठिकाणी ती सोयच काढून टाकलीय, उरलीय ती एस-टू-आयडल नावाची डुलकी. सगळे भाग जागच्या जागी पेंगतात आणि कुणी धक्का दिला की उठतात. तिला म्हटलं, आता पूर्ण बंद कर, घरी गेल्यावर बघू.

रात्री तिच्याकडून जर्नल मागवलं. लिनक्स सगळ्याची नोंद ठेवतं, कधी झोपलो, कधी उठलो, सेकंदासकट. तिनं पडद्याचे फोटो पाठवले. सस्पेंड एन्ट्री, सस्पेंड एक्झिट, एन्ट्री, एक्झिट. उठलाय, झाकण बंद आहे हे अर्ध्या मिनिटानं त्याच्या लक्षात आलंय, परत झोपलाय, परत उठलाय. सुरुवातीची दहा मिनिटं काही नाही, बस स्टँडवरच उभी होती. मग तुरळक. पुढं एका जागी नोंदींची गर्दी. मी वेळ बघितली आणि तिला विचारलं, अडीचला कुठं होतीस? वंटमुरी घाट. मग थोडी शांतता, मग हत्तरगीला परत गर्दी, टोलनाक्याच्या आधीचे स्पीडब्रेकर. मी अनगोळमध्ये खुर्चीत बसून ती बस कुठं कुठं आदळली ते वाचत होतो.

"लॅपटॉपला काय लावलंयस?"

"काही नाही."

"नाही?"

फोनवर शांतता. उठून बघून आली. "तुझा तो माऊसचा डोंगल. बारीक आहे, दिसलाच नाही."

माऊस बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, चालू. खड्डा आला की तो हलायचा, डोंगलला कळायचं, डोंगल लॅपटॉपला उठवायचा. साध्या माऊसला लिनक्स एवढी मुभा देत नाही, कीबोर्डला देतं. पण या डोंगलनं यंत्राला आपली ओळख करून देताना मी कीबोर्डही आहे असं सांगून ठेवलेलं. असे डोंगल दोन्ही कामांसाठी बनवतात, त्यामुळे खोटंही नव्हतं ते. मी तिला ती मुभा काढून घ्यायचा हुकूम लिहून पाठवायला घेतला. लांब होता, एका फाइलमध्ये 'डिसेबल्ड' लिहायचं, ते दर वेळी टिकावं म्हणून आणखी एक नियम घालायचा. मी अर्ध्यावर असताना मागून अक्काचा आवाज आला, "काढून ठेव की ते."

पुढच्या शनिवारी ती परत आली. झाकण उघडायच्या आधी म्हणाली, थांब, आणि उघडल्यावर आधी जर्नलच काढलं. दोन ओळी. निपाणीत दहा वाजून सात मिनिटांनी झोपला त्याची एक, आणि आत्ताची एक.